वरच्या खोलीतलं कपाट

काका गेल्यावर काकूंनी घर भुताच्या सिनेमाच्या शूटिंगला दिलं. पण दर टेकला वरच्या खोलीतलं कपाट धाडधाड वाजायचं आणि साउंडवाला कपाळाला हात लावायचा.

शेवटी काकूंनीच जिन्यात उभं राहून हाक मारली, "अहो, जरा दम धरा, शोधाशोध नंतर करा. यांचं भुताचं शूटिंग चाललंय."

कपाट गप्प झालं. अख्खं युनिटही.

"काय... काय शोधतात काका?" साउंडवाल्याने कसंबसं विचारलं.

"कुणा एकीची पत्रं. लपवून ठेवली होती. मला पत्ताच नाही, असं वाटतं त्यांना."

"मग देऊन टाका ना एकदाची."

काकू आवाज खाली आणून म्हणाल्या, "ती मी केव्हाच जाळली. पण त्यांना सांगू नका, शोधणं संपलं की येणंही संपेल."