साठ स्टुलांची ऑर्डर

मुख्याध्यापकांनी स्टूल उचललं, उलटं केलं आणि चारही पाय एकेक करून हलवून पाहिले. एकही हलला नाही. मग ते दाराजवळ खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेल्या म्हाताऱ्याकडे वळले.

"मिस्त्री, अशी साठ हवीत. शाळेच्या वाचनालयासाठी. कधी द्याल?"

म्हाताऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं नाही. उत्तर त्याच्या मुलीने दिलं. ती आत टेबलाशी उभी होती, हातात रंधा, केसांवर भुसा.

"दोन महिने लागतील, सर."

मुख्याध्यापकांनी मान डोलावली, पण बघितलं पुन्हा म्हाताऱ्याकडेच. तिला याची सवय झाली होती. दुकानात येणारा प्रत्येक जण आधी बाबांशीच बोलायचा. त्यात लोकांची तरी काय चूक? बाबांचे हात बघितले की कोणीही सांगेल, हा माणूस सुतार आहे.

होतेच ते सुतार. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यांत राबले. घरी मात्र हत्यारांची पेटी कायम कुलपात. "हात लावायचा नाही," ते मुलीला दटावायचे. "या पेटीने पोट भरलं, मान नाही मिळवून दिला. तू खुर्चीवर बसून काम कर." मुलगी शिकली आणि वीजबिलाच्या कार्यालयात खुर्चीवर बसली. पंधरा वर्षं बसली. मग एका रविवारी तिने एक रंधा आणि दोन पटाश्या विकत आणल्या आणि घराच्या गॅलरीत लाकूड तासायला घेतलं.

तिचं पहिलं स्टूल तीन पायांवर उभं राहिलं, चौथा हवेत. बाबांनी त्याखाली कागदाची घडी सरकवली आणि ते जेवायला बसले. तिला त्या घडीचा असा राग आला, की पुढची सहा स्टुलं तिने केवळ तेवढ्यासाठी केली. सातवं कार्यालयातल्या एका बाईंनी हट्टाने विकत घेतलं. मग त्यांच्या बहिणीने, मग बहिणीच्या शेजाऱ्यांनी. गॅलरी पुरेना, तेव्हा तिने हा गाळा भाड्याने घेतला. सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी काम चालायचं. भाडं, लाकूड, वीज सगळं भागवून पगाराहून जास्त उरतंय, हे वर्षभर पाहिलं आणि मगच तिने राजीनामा दिला.

"एक तारखेच्या पगारावर लाथ मारलीस," बाबा एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते रोज दुकानात येऊन बसू लागले. पेपर वाचायचे. बोटाच्या पेराने एखादा सांधा ठोकून बघायचे. चांगला म्हणायचे नाहीत, वाईटही नाही. हत्याराला तर त्यांनी एकदाही हात लावला नव्हता.

"दोन महिने फार होतात," मुख्याध्यापक म्हणत होते. "आणि हे पाय असे भोकात ठोकून बसवण्यापेक्षा सरळ स्क्रू मारा ना. काम झटपट होईल, भावही उतरेल."

तिने रंधा खाली ठेवला. एवढं मोठं काम आजवर आलं नव्हतं. "करतो साहेब," एवढं म्हटलं की झालं. लहानपणी बाबांचा डबा घेऊन ती कारखान्यात जायची, तेव्हा हे दोन शब्द तिने त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकले होते. मनाविरुद्ध म्हटले, की त्या दिवशी बाबा घरी कोणाशी बोलायचे नाहीत.

"स्क्रू मारून नाही करणार, सर," ती म्हणाली. "पोरं स्टुलावर नुसती बसत नाहीत, झुलतात. वर्षभरात स्क्रू सैल होतील, पाय डुगडुगतील आणि कोणीतरी तोंडावर पडेल. तसलं हवं असेल तर तुम्ही दुसरीकडे बघा."

मुख्याध्यापकांना नकार ऐकायची सवय नसावी. ते हसत म्हाताऱ्याकडे वळले.

"मिस्त्री, तुम्ही अनुभवी माणूस. जरा समजवा हिला."

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. चष्मा काढला. गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले आणि ताठ उभे राहिले. साहेबांपुढे असं ताठ उभं राहिलेलं तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मी काय समजावणार, साहेब? मालकीण त्या आहेत. मी इथे कामाला आहे."

ती उगीचच टेबलावरचा भुसा झटकत राहिली.

मुख्याध्यापक एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. मग स्टूल सरळ करून त्यावर बसले आणि मागच्या बाकावरचा पोरगा झुलतो तसे पुढेमागे झुलले. जोरात झुलले. स्टूल साधं करकरलंही नाही.

"दोन महिने म्हणजे दोन महिने हं, बाई," ते म्हणाले. या वेळी तिच्याकडे बघून. शाळेचं नाव छापलेल्या कागदावर त्यांनी तिथेच ऑर्डरचं पत्र लिहिलं, पाय ठोकूनच बसवायचे या अटीसकट, आणि वर नाव काय घालू, तेही तिलाच विचारलं.

ते गेल्यावर तिने पत्र दोनदा वाचलं. मग बाबांकडे वळली.

"बाबा, खोटं कशाला बोललात? तुम्ही कुठे कामाला आहात इथे?"

बाबा टेबलाशी आले. तिने अर्धवट तासून ठेवलेला स्टुलाचा पाय त्यांनी उचलला, एक डोळा मिटून त्याची कड सरळ आहे का बघितली आणि जागच्या जागी ठेवला. भिंतीवर ओळीने टांगलेल्या पटाश्यांकडे नजर गेली, हातही उचलला गेला. पण तो त्यांनी मध्येच थांबवला.

"उद्या किती वाजता येऊ, मालकीणबाई?"