दुखण्याचा वाटेकरी

सांगून कुणाला पटायचं नाही, पण सत्तेचाळीस किलोमीटर घाट पळून आलेल्या रेवती कोकरेचा तुटका पाय काडीचाही दुखत नव्हता. गुडघ्याखाली बसवलेला कार्बनचा पाय खटाखट पडत होता. शर्यतीचा शेवट तीन किलोमीटरवर होता आणि दुसऱ्या नंबरची बाई एकच वळण मागे होती. दुखणं सगळं दिगंबरकडे जात होतं. नवऱ्यानं हौसेनं तिचं दुखणं ओढून घेणारी पट्टी स्वतःच्या कपाळाला बांधून घेतली होती.

शेवटच्या चौकीवर डॉक्टर तांबोळींनी रेवतीला काही विचारलंच नाही. नियमाप्रमाणे त्या खुर्चीतल्या दिगंबरकडे वळल्या. वाटेकरी ‘पुरे’ म्हणाला की पट्टी सुटायची, आणि धावणारी तिथंच बाद.

“काय दिगंबरराव, सोसतंय ना?”

“हॅ! नुसत्या गुदगुल्या होतायत,” तो हसला. “पळ गं, माझं तोंड काय बघतेस? ती गाठेल ना तुला!”

डॉक्टरांनी पुढं सोडायचा शिक्का उचलला. रेवती दोन पावलं निघालीही. तेवढ्यात तिला त्याच्या मांडीवरची कांदाभज्यांची पुडी दिसली. एकाही भज्याला हात लागलेला नव्हता, आणि हा माणूस तेराव्यालाही भजी मागून खाणारा! खुर्चीचे हात त्यानं असे आवळले होते की बोटं पांढरीफटक पडली होती.

मागच्या वळणावर पावलं वाजली.

“डॉक्टर,” रेवती ओरडली, “खोटं बोलतायत हे! आधी ती पट्टी सोडा.”