ओकपाशी उजवीकडे

पायी भटकणाऱ्यांची वाट ओकच्या झाडापाशी डावीकडे न वळता उजवीकडे वळली, तर एजिदियोचा फायदा उघड होता. डावीकडची वाट रानातून वरच्या अंगानं येऊन फिलोमेनाच्या बारसमोर उतरते. उजवीकडची घळीत शिरते, पाण्याच्या कडेकडेनं जाते आणि नेमकी एजिदियोच्या खानावळीच्या दारात निघते. खानावळ उघडून वर्ष झालं होतं. चार टेबलं, वर द्राक्षाचा मांडव, आणि गिऱ्हाईक म्हणाल तर एक मेव्हणा. तोही फुकट्या.

म्हणून ऑक्टोबर लागताच एका सकाळी त्यानं डावीकडच्या दगडावरचा, वाट दाखवणारा लाल-पांढरा पट्टा तारेच्या ब्रशनं खरवडून काढला, वर ओलं शेवाळ चोळलं, आणि उजवीकडच्या दगडावर तस्साच नवा पट्टा ओढला. घळीतली झुडपं त्यानं आधीच दोन दिवस खपून तोडली होती. मध्ये एके ठिकाणी दरड कोसळून वाट जेमतेम पाऊलभर उरली होती. जपून चालणाऱ्याला तेवढी पुरे, असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं.

चौथ्या दिवशी धुकं उतरलं. इलारिया नावाची बारी शहरातली एक मास्तरीण त्या वाटेनं एकटीच चालत सेर्राकूपा गावात यायची होती. तिची बॅग सकाळीच गाडीनं फिलोमेनाकडे पोचली होती. एकची वेळ टळली, अडीच वाजले, तरी बॅग एकटीच. फोन लागेना. बारमध्ये माणसं जमली.

निकोदेमोकाका कोपऱ्यातून उठले. वय अठ्ठ्याहत्तर. वाटेवरचे सगळे पट्टे गेली बावीस वर्षं तेच रंगवतात. कोणी सांगितलं म्हणून नाही. ते म्हणाले, ओकपाशी वाट डावीकडे जाते, पुढे दोन जागी निसरडं आहे, तिथं शोधा. सगळे तिकडे निघाले. तेव्हा एजिदियो म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी आपला घळीत डोकावून येतो. धुक्यात एकटा जाऊ नकोस, असं चौघांनी बजावलं. फिलोमेना म्हणाली, गिऱ्हाइकाला पाणी द्यायला उठत नाही, आज घळीत उतरतोय, जाऊ द्या त्याला.

दीड तासानं तो मास्तरणीला पाठुंगळी घेऊन आला तेव्हा फिलोमेनाला आपले शब्द गिळावे लागले.

मास्तरीण दरड कोसळलेल्या जागी, वाटेवरून खाली घसरलेली सापडली होती. घोटा मोडला होता, बाकी शाबूत. तिचा पाय खुर्चीवर ठेवला, अँब्युलन्स बोलावली, आणि एजिदियोसमोर न मागता तीन ग्लास आले. एवढ्या रानात नेमका तिथंच कसा गेलास, असं कोणीतरी कौतुकानं विचारलं. तो म्हणाला, वाटलं आपलं.

मास्तरीण मात्र वाटण्यावर चालणारी नव्हती. ओकपाशी आपण दोन मिनिटं थांबलो, पट्टा नीट पाहिला, तो उजवीकडे होता म्हणून उजवीकडे वळलो, असं तिनं सांगितलं. एकदा नव्हे, दोनदा.

सगळ्यांच्या माना निकोदेमोकाकांकडे वळल्या.

"मे महिन्यात मीच रंगवलाय," ते म्हणाले. "डावीकडे."

"काका, मे महिन्यात तुम्ही कॉफीत मीठही घातलं होतं," फिलोमेना म्हणाली. लोक हसले. काकाही हसले, पण त्यांचं हसू अर्ध्यात थांबलं. त्यांनी उजवा हात वर धरला आणि ब्रश फिरवल्यासारखा हवेत हलवून पाहिला. मग डावा. मग त्यांनी एजिदियोकडे पाहिलं.

"तू आत्ता तिकडूनच आलास. तुझे डोळे तरणे आहेत. पट्टा कुठं होता रे?"

एजिदियोनं ग्लास खाली ठेवला. खोटं बोलायची गरजच नव्हती.

"उजवीकडे, काका."

मास्तरणीनंच उलट म्हाताऱ्याची समजूत घातली, म्हणाली, होतं असं, माझ्या वडिलांचंही झालं होतं. निकोदेमोकाकांनी तिची माफी मागितली. टोपी काढून मागितली. मग खिशातून आपल्या तीनचाकी टेम्पोची किल्ली काढली आणि फिलोमेनापुढे ठेवली. खाली मळ्यात ते रोज त्या टेम्पोनंच जात. पट्टा दिसत नाही त्याला रस्त्यावरचं पोर काय दिसणार, असं म्हणाले. राहू द्या हो काका, असं फिलोमेना म्हणाली खरी, पण किल्ली तिनं गल्ल्यात टाकली.

घरी पोचवायला त्यांनी एजिदियोलाच निवडलं. धुकं उडालं होतं. गल्लीतल्या साठ-सत्तर वर्षं पायाखालच्या पायऱ्या म्हातारा आज त्याचा दंड धरून, आधी बुटाच्या टोकानं चाचपून उतरत होता. एजिदियोची पाठ ठणकत होती. मास्तरणीला सहा आठवडे प्लास्टर, त्याला दोन दिवस मलम. एवढ्यात निभावलं, असं तो मनाशी म्हणत होता.

चर्चच्या कोपऱ्यावर गल्ली मोकळी होते आणि घळीची पलीकडची कडा दिसते. तिथं काका थांबले.

"ती व्हीतोची बकरी ना रे? कड्याच्या मधल्या कंगोऱ्यावर? डावं शिंग तुटलेली?" ते म्हणाले, आणि लगेच त्यांचा आवाज उतरला. "की मला आपलं भासतंय?"

एजिदियोनं डोळे बारीक करून पाहिलं. बकरी होती. शिंग डावंच तुटलं होतं.

"मला तर काही दिसत नाही, काका," तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि त्याचा दंड आणखी घट्ट धरला.