तिरळा योद्धा

माझ्या धाकट्या दिरांना जुनी नकली खेळणी जमवायचा भारी नाद. परवा त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकचा एक योद्धा हलक्या हाताने काढला आणि माझ्यापुढे धरला.

"वहिनी, याचे डोळे बघा. एक आभाळात, एक पाताळात. असे मोजकेच निघाले, म्हणून जमवणारे यावर तुटून पडतात. रंगवणारा नक्की प्यायलेला असणार."

सगळे हसले. मीही हसले.

रंगवणारी नऊ वर्षांची होती. कारखान्यातून आमच्या घरी खोकी यायची आणि आई काडीच्या टोकाने एकेका योद्ध्याचे डोळे रंगवायची. एकदा बाजारात जाताना तिने अर्धं खोकं माझ्यावर सोपवलं. बाहेर मैत्रिणी हाका मारत होत्या, म्हणून मी ते दहा मिनिटांत उरकलं आणि पळाले.

मालकाने तो माल कसाबसा खपवला, पण आईचं काम कायमचं बंद केलं.

त्याने जाब विचारला तेव्हा मी दाराआडच उभी होते, आणि आई माझ्याकडे न बघता म्हणाली होती, "हल्ली मला नीट दिसत नाही हो."