अनुमोदक

"आता विषय सातवा," ग्रामसेविका प्रियदर्शनी माइकवर म्हणाल्या आणि बायकांच्या बाजूची कुजबुज थांबली.

सकाळी झेंडावंदन झालं होतं. समाजमंदिरात सतरंज्या टाकून ग्रामसभा बसली होती. सहावा विषय टाकीच्या व्हॉल्व्हचा; त्यावर इतकं भांडण झालं की चहा दोनदा फिरवावा लागला. प्रियदर्शनींनी घसा साफ केला आणि ठराव वाचला. यापुढं आपल्या गावात नवरा वारला म्हणून कुठल्याही बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत.

"आधी व्हॉल्व बदला की!" मागनं बिरदेव ओरडला. "बांगड्या काय पाणी देत्यात व्हय?"

"बिरदेवा, तुझी बायकू हितंच बसलीया," सरपंच दादासाहेब म्हणाले. "इचारू का तिला, तुझ्या माघारी काय करायचं ते?"

हशा पिकला. बिरदेव खाली बसला.

"सूचक मी सवता," दादासाहेब म्हणाले. "अनुमोदक कोण?"

एकही हात वर झाला नाही. बायका एकमेकींकडं बघेनात, आणि भिंतीला टेकून बसलेल्या तुळसाआक्काकडं तर मुळीच बघेनात.

गावात कुणाचा नवरा गेला की पहिला सांगावा आक्काकडं यायचा. ती स्वतः तरुणपणीच विधवा झालेली. बाकीच्या बायकांचे हात ऐनवेळी थरथरायचे, आक्काचा कधी थरथरला नाही. म्हणून कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायचं काम तिचंच झालं. शिमग्यात शेजारच्या दिपालीचा नवरा अनुप एमआयडीसीतनं घरी येताना मोटारसायकलच्या अपघातात गेला, तेव्हाही आक्कालाच बोलावलं.

दोन्ही घरांत भिंत एकच. तेव्हापासून रोज दिवेलागणीला पलीकडं दिपालीची आर्वी रडायची. दीड वर्षाची पोर. आईच्या हातातली बांगडी फिरवत फिरवत झोपायची तिला सवय. आता ती मोकळ्या मनगटावर बोटं फिरवायची, वर कोपरापर्यंत शोधून यायची, आणि मग रडं सुरू व्हायचं. दिपालीनं तिला ओढणीचं टोक देऊन बघितलं, किल्ल्यांचा जुडगा देऊन बघितला. पोर फसत नव्हती. इकडं आक्काची भाकरी तव्यावर करपायची. टीव्ही मोठा केला तरी ते रडं त्याच्यावरनं यायचं. मधे आक्का बारामतीला लेकाकडं चार दिवस राहून आली. तिथं तिसऱ्या मजल्यावर लेकरू नव्हतं की काही नव्हतं. दिवे लागले, आणि तिथंही तिला भिंतीतनं आर्वीचं रडणं ऐकू आलं.

तिनं हात वर केला.

"आक्का, तुमी?" दादासाहेबांना खरं वाटेना.

"लिवा माजं नाव."

मग सगळेच हात वर गेले. टाळ्या झाल्या. दादासाहेबांनी टेबलाखालनं कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या काढल्या. कालच बारामतीतनं आणल्या होत्या.

"ठराव नुसता कागदावर नको," ते म्हणाले. "आत्ता, समद्यांच्या म्होरं व्हायला पायजे. आन् सवाष्णीचा हात नकोच. आक्का, तुमीच भरा बांगड्या. दिपाली, ये बाळ फुडं."

दिपाली क्षणभर बसूनच राहिली. मग आर्वीला काखेला मारून ती पुढं आली आणि आक्कासमोर मांडी घालून बसली. आर्वीची नजर बांगड्यांवरनं हलेना. दिपालीनं ते बघितलं आणि हात पुढं केला.

आक्कानं तो धरला. धरल्याबरोबर मूठ मिटली.

दिपालीनं मिटली नव्हती. ती स्वतःच चमकून आपल्या मुठीकडं बघत राहिली. तिनं बोटं उघडायला बघितली, तर ती आणखीच आवळली.

"असू दे, असू दे," आक्का हळू म्हणाली. अंगठ्यानं तिचं मनगट चोळलं. काहीतरी मायेचं बोलावं असं तिच्या मनात फार होतं. तोंडातनं आलं ते सवयीचं.

"हात ढिला सोड, पोरी. न्हाईतर काच लागंल."

माइक लांब होता, तरी ते बोलणं शेवटच्या सतरंजीपर्यंत गेलं. बायकांत बसलेल्या मोकळ्या मनगटांच्या पाच-सहा जणींचे हात आपसूक पदराखाली गेले.

"त्या दिशी बी हेच म्हनला हुता तुमी," दिपाली म्हणाली. रागानं नाही. आठवलं तसं म्हणाली.

"आक्का, हिकडं बघा," कुणीतरी मोबाईल धरून उभा होता. "वाईच हसा की."

आक्कानं दिपालीकडं बघितलं. दिपालीनं मान फिरवली होती आणि डोळे गच्च मिटले होते, त्या दिवशी मिटले होते तसेच. बांगडी मुठीशी अडून राहिली. आक्काला ती पुढंही लोटता येईना, मागंही घेता येईना.

तेवढ्यात आर्वी आईच्या मांडीवरनं घसरून खाली उतरली. दोन पावलं टाकत ती आक्काच्या गुडघ्याला येऊन टेकली. आधी बांगड्यांकडं बघितलं, मग आक्काच्या तोंडाकडं. आणि आपला इवलासा हात तिनं आक्कापुढं धरला. पाची बोटं उघडी, मनगट अगदी ढिलं.

आक्काच्या हातातल्या बांगड्या वाजायला लागल्या.