पिवळी टोपी

"आई, तुमच्या टूर मॅनेजरला फोन दे बघू," व्हिडिओ कॉलवर हर्षल म्हणाला.

टूर कसली नि मॅनेजर कसला! अकोल्याहून विशाखापट्टणमला मी एकटीच आले होते. काल बीचवर एका घोळक्याच्या कडेला उभी राहून फोटो काढला, त्यावर कालचा दिवस निभावला. आता खोटं उघडं पडलं, तर हा पुढच्या विमानाने न्यायला येईल. मग कोपऱ्यावर भाजीलासुद्धा मला एकटीला सोडणार नाही.

किनाऱ्यावर ठेवलेली पाणबुडी बघायच्या रांगेत सगळीकडे तेलुगू. तेवढ्यात पुढून आवाज आला, "अगं बाई, केवढी ही!" बाई माझ्याच वयाची. डोक्यावर टूरवाले देतात तसली पिवळीधमक टोपी. मी फोन तिच्यासमोर धरला आणि डोळ्यांनीच गयावया केली.

"हॅलो, टूर मॅनेजर का?" हर्षलने विचारलं.

तिने एकदा माझ्याकडे निरखून पाहिलं.

"बोला," ती करड्या आवाजात म्हणाली. "आई आमच्याबरोबरच आहेत. औषधं, जेवण, सगळं वेळेवर चाललंय. आणि सारखे फोन करू नका हो, ग्रुप खोळंबतो!"

हर्षल चक्क "सॉरी मॅडम" म्हणाला.

फोन बंद झाला. "फार उपकार झाले," मी म्हटलं. "तुमचा ग्रुप पुढे गेला का?"

"कसला ग्रुप? ही टोपी इथेच फुटपाथवर घेतली, लेकीला फोटो पाठवायला." तिने ती काढून माझ्या डोक्यावर बसवली. "तिचा फोन येईलच आता. मॅनेजर तुम्ही."