सगळ्यांच्या मागून

वृद्धाश्रमातल्या वजनकाट्यावरून गोदाक्का उतरल्या. याही महिन्यात वजन घटलं होतं.

"भरलेलं ताट परत का जातं?" मी, इथली नर्स, चिडलेच.

"सगळ्यांचं झाल्याशिवाय मी जन्मात जेवले नाही, पोरी. आणि सगळ्यांचं झालं की तुम्ही ताटं उचलता!"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या हाती आमटीचा डाव दिला. पदर खोचून, घरधनिणीच्या तोऱ्यात त्यांनी सगळ्यांना आग्रहानं वाढलं. पंगत उठली, तरी त्या जेवायला बसेनात.

"आता कोण राहिलं?"

"तू!"

मी ताट घेऊन बसले. मला पोटभर वाढून मगच त्यांनी स्वतःचं ताट घेतलं.

हे रोजचंच झालं. पुढच्या महिन्यात त्यांचं वजन वाढलं. मग त्यांनी मलाही काट्यावर चढवलं आणि माझा आकडा सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला.

"बघा, माझ्या हातचं कसं अंगी लागतं!"